आपल्या वर्णाची छटा

सदर : विवेकी श्राविका

चातुर्मासाची सांगता झाली, की आपल्या घरांतून लग्नसराईची चाहूल लागते. साड्यांचे रंग ठरतात, दागिने उजळायला सराफाकडे जातात, परिचयपत्रिका हातोहात फिरू लागतात. खरेदीच्या यादीत आता फाउंडेशनलाही हक्काची जागा मिळाली आहे. नवरी मुलगी, तिची आई, मावशी, करवली अशा साऱ्याच जणी ते वापरतात. त्यात वावगे काही नाही. भोगोपभोगपरिमाण व्रत गृहस्थाश्रमातील श्राविकेला प्रसाधनाचा सर्वस्वी त्याग सांगत नाही; मर्यादा आखून घ्यायला सांगते. मर्यादा आखायची, तर वस्तूची पारख हवी. फाउंडेशनची पारख करताना दोन प्रश्न मनाशी ठेवावेत. ही छटा माझ्या त्वचेची आहे काय? आणि ही बाटली भरताना कोणा जीवाला पीडा झाली आहे काय? पहिला प्रश्न सत्याचा, दुसरा अहिंसेचा.

फाउंडेशन म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. लोहाचे पिवळे, तांबडे व काळे ऑक्साइड आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड ही त्यातील मुख्य रंगद्रव्ये. पाणी, तेल किंवा सिलिकोन यांच्या मिश्रणात ती घोटलेली असतात. दुकानातल्या फळीवर मांडलेल्या बहुतेक छटा या चार रंगांच्या कमी-अधिक प्रमाणातूनच तयार होतात. या प्रसाधनाचा उगम नाटक-चित्रपटांच्या रंगभूषेत आहे. मॅक्स फॅक्टर या रंगभूषाकाराने १९१४ साली चित्रपटांतील नटांसाठी मलईसारखा मऊ रंगलेप तयार केला, आणि पुढे असे लेप पडद्यावरून घराघरांत आले. आपल्या नाटकमंडळ्यांतही सफेदा फासला जाई. रंगमंचावर चेहऱ्याचा वर्ण पालटणे हाच हेतू असे, कारण प्रेक्षक दूर बसलेला आणि दिवे प्रखर. घरी वापरायचे फाउंडेशन मात्र हातभर अंतरावरून पाहिले जाते. डाग, डोळ्यांखालची काळसर वर्तुळे, ओठांभोवतीचा गडदपणा हे सारे एकसारखे दिसावे आणि लेप लावला आहे हे कोणाला कळूही नये, एवढेच त्याचे काम. रंग पालटण्यासाठी ते वापरले, की ते पुन्हा नाटकाच्या रंगपटात जाऊन बसते.

निवडीची पहिली पायरी म्हणजे आपल्या त्वचेचा स्वभाव ओळखणे. सकाळी चेहरा सौम्य साबणाने धुऊन टिपावा आणि तासभर काहीही लावू नये. नंतर आरशात पाहावे. सर्वत्र चमक आली असेल तर त्वचा तेलकट. ओढल्यासारखी वाटत असेल, गालांवर पापुद्रे दिसत असतील तर कोरडी. कपाळ, नाक आणि हनुवटी चमकते पण गाल कोरडे राहतात, तर मिश्र. तेलकट त्वचेला तेलविरहित, चमक न देणारे पातळ फाउंडेशन मानवते. वरून हलकी पावडर पुरते. कोरड्या त्वचेला मलईसारखे, ओलावा देणारे फाउंडेशन घ्यावे आणि त्याआधी मॉइश्चरायझर लावून दहा मिनिटे थांबावे. कोरड्या त्वचेवर पावडरचा लेप सुरकुत्यांत साचतो आणि वय आहे त्याहून अधिक दाखवतो. मिश्र त्वचेला पातळ फाउंडेशन सर्वत्र व पावडर फक्त चमकणाऱ्या भागावर, असा मध्यममार्ग बरा. मुरमे येणाऱ्या मुलींनी जाड थर टाळावा. वांग, पुरळ किंवा खाज असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. लेपाखाली आजार झाकला जातो, बरा होत नाही.

दुसरी पायरी छटेची. येथे बहुतेक जणींची फसगत होते ती दुकानातल्या दिव्यांमुळे. पिवळ्या दिव्यांत एक रंग दिसतो, पांढऱ्या दिव्यांत दुसरा. छटा पाहण्यासाठी हाताच्या पाठीचाही उपयोग नाही, कारण तिथला वर्ण चेहऱ्याहून वेगळा असतो. आपल्याकडच्या उन्हात, विशेषतः सांगली-सोलापूरकडे शेतावर किंवा दुचाकीवर वावरणाऱ्या भगिनींचा चेहरा मानेपेक्षा गडद असतो. कपाळ गालांहून गडद असते. म्हणून जवळजवळच्या तीन छटांचे बोटभर पट्टे जबड्याच्या कडेवर, गालापासून मानेकडे ओढावेत आणि आरसा घेऊन दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात उभे राहावे. जो पट्टा चेहरा आणि मान दोन्हींत विरून दिसेनासा होतो, ती आपली छटा. लगेच पैसे देऊ नयेत. पंधरा-वीस मिनिटे थांबावे, कारण त्वचेवरील तेल आणि हवा यांच्या संपर्काने काही फाउंडेशन एखादी छटा गडद होते.

गडद-फिकट याखेरीज त्वचेची एक झाकही असते : पिवळसर, गुलाबीसर, किंवा दोहोंच्या मधली. भारतीय त्वचेत पिवळसर अथवा किंचित हिरवट झाक पुष्कळदा आढळते. गव्हाळ चेहऱ्यावर गुलाबी झाकेचे फाउंडेशन लावले, की चेहरा राखेरी दिसतो. मनगटाच्या शिरा उजेडात हिरवट दिसल्या तर झाक पिवळसर, निळसर-जांभळ्या दिसल्या तर गुलाबीसर, असा एक ढोबळ ठोकताळा सांगतात. तो सर्वांना लागू पडतोच असे नाही. जबड्यावरचा पट्टा हीच खरी कसोटी.

आता या लेखातील मुख्य गोष्ट. आपल्या छटेहून दोन छटा उजळ फाउंडेशन घेण्याची प्रथा आपल्या घरांत रूढ झाली आहे, आणि ती बहुधा आईच्या आग्रहाने होते. मुलगी पाहायला मंडळी येणार, फोटो पाठवायचा आहे, मग थोडी उजळ दिसली तर काय बिघडले, असे म्हटले जाते. बिघडते ते असे. चेहरा उजळ आणि मान, कान, हात सावळे, असा मुखवटा दिसतो. छायाचित्रकाराच्या फ्लॅशमध्ये तर टायटॅनियम डायऑक्साइड, झिंक ऑक्साइड, सिलिका असे घटक प्रकाश परतवतात आणि लग्नाच्या अल्बममध्ये चेहरा भस्म फासल्यासारखा पांढरा उमटतो. पण त्याहून खोल जखम मनाला होते. उजळ छटेची बाटली आणून देताना आपण मुलीला न बोलता सांगत असतो, की तू आहेस तशी पुरेशी नाहीस. जे नाते तिला आयुष्यभर निभवायचे आहे, त्याची पहिली भेट आपण एका आडपडद्याने घडवतो. दशलक्षण पर्वात आपण उत्तम आर्जव म्हणतो. मन, वचन आणि काया यांची सरळता म्हणजे आर्जव. कायेची सरळता चेहऱ्यापासूनच सुरू व्हायला हवी.

वर्णाविषयी आपल्या धर्माची भूमिका आपण विसरलो आहोत. शरीराचा वर्ण हा नामकर्माच्या उदयाचा भाग. वर्णनामकर्माचे कृष्ण, नील, रक्त, पीत आणि शुक्ल असे पाच भेद सांगितले आहेत. वर्ण, गंध, रस, स्पर्श हे पुद्गलाचे गुण. आत्म्याला वर्ण नाही. तीर्थंकरांच्या देहकांतीचे परंपरेने केलेले वर्णन पाहा : चंद्रप्रभ व पुष्पदंत शुभ्र, पद्मप्रभ व वासुपूज्य रक्तवर्ण, मुनिसुव्रतनाथ आणि नेमिनाथ श्यामवर्ण. श्याम देहाच्या नेमिनाथांना आपण वंदन करतो, कृष्णपाषाणातील मूर्तीसमोर डोळे मिटून उभे राहतो, आणि घरी परतल्यावर लेकीच्या सावळेपणाची चिंता वाहतो. ही विसंगती कोणत्याही लेपाने झाकली जाणारी नाही. फाउंडेशनने रंग उजळत नाही हे कळल्यावर काही जणी गोरे करणाऱ्या क्रीमकडे वळतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या अशा काही क्रीममध्ये स्टेरॉइड किंवा पारा आढळला आहे. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते, लाल पडते, चेहऱ्यावर लव वाढते. पारा मूत्रपिंडांना अपाय करतो. त्या वाटेला मुळीच जाऊ नये.

दुसरा प्रश्न अहिंसेचा. फाउंडेशनच्या बाटलीवर घटकांची यादी असते. १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने आणि त्याहून कमी असलेले शेवटी कोणत्याही क्रमाने, असा नियम आहे. म्हणून यादी अखेरपर्यंत वाचावी. कार्माइन किंवा सीआय ७५४७० असे दिसले, तर तो लाल रंग निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील कीटकांना मारून, वाळवून काढलेला असतो. फाउंडेशनपेक्षा तो लिपस्टिक आणि गालांच्या लालीत अधिक आढळतो. पण एकाच पेटीत सारे मिळत असल्याने तपासणे बरे. लोहाच्या ऑक्साइडचे क्रमांक ७७४९१, ७७४९२ व ७७४९९ आहेत. ती खनिजद्रव्ये आहेत. सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचे मेण. मध आपण वर्ज्य मानतो, मग हे मेणही विचारात घ्यायला हवे. ग्वानिन, अर्थात सीआय ७५१७०, ही माशांच्या खवल्यांची चमक. कोलॅजेन जनावरांच्या कातड्यातून किंवा माशांतून येते, लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून, आणि रेशमाची पूड कोशातून. स्क्वालेन शार्कच्या यकृतातूनही काढतात आणि ऑलिव्ह किंवा उसापासूनही मिळवतात. ग्लिसरीन व स्टिअरिक ॲसिड चरबीतूनही होते, वनस्पतितेलातूनही. उगम वेष्टनावर लिहिलेला नसेल, तर कंपनीच्या ग्राहकसेवेला पत्राने विचारावे. अशी दहा पत्रे गेली, तर उत्तर द्यावेच लागते.

येथे दोन शब्दांतील भेद ध्यानात ठेवावा. ‘क्रुएल्टी फ्री’ म्हणजे प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. त्यात मेण किंवा कार्माइन असू शकते. ‘व्हीगन’ म्हणजे प्राणिज घटक नाहीत. आपल्याला दोन्ही हवेत. भारतात २०१४ सालापासून सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास बंदी आहे, आणि त्याच वर्षी तशी चाचणी झालेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही बंदी आली. पूर्वी सशांच्या डोळ्यांत ही द्रव्ये घालून पाहत असत, हे आठवले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते. परदेशातील आप्तांकडून भेट आलेली बाटली मात्र तपासूनच वापरावी. प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत.

बाटली घरी आणल्यावर कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून २४ ते ४८ तास थांबावे. आग, खाज, पुरळ काही नसेल तरच चेहऱ्यावर लावावे, आणि ही परीक्षा लग्नाच्या आदल्या दिवशी न करता किमान पंधरा दिवस आधी करावी. फाउंडेशनमध्ये सूर्यसंरक्षण आहे असे लिहिलेले असले, तरी आपण ते इतके थोडे लावतो, की त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. सनस्क्रीन आधी वेगळे लावावे. स्पंज दर आठवड्यास धुऊन उन्हात वाळवावा, कारण ओलसर स्पंजात जीवोत्पत्ती होते. हा आरोग्याचा नियम आणि यतनेचाही. एकीचा स्पंज दुसरीने वापरू नये. उघड्या डबीच्या चिन्हाशेजारी ‘१२ एम’ असे असेल, तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ते संपवावे. म्हणून लहान बाटली घ्यावी, एकच घ्यावी, आणि ती संपल्याशिवाय दुसरी आणू नये. परिग्रहाचे परिमाण प्रसाधनाच्या पेटीलाही लागू आहे. रात्री झोपण्यापूर्वी चेहरा स्वच्छ करावा. दिवसभराचा लेप तसाच ठेवून झोपणे त्वचेला मानवत नाही.

यंदा लग्नसराईची तयारी करणाऱ्या माता-भगिनींना एक विनंती आहे. लेकीसाठी फाउंडेशन घ्यायला तिच्यासोबत जा, तिला उजेडात उभी करा, आणि जी छटा तिच्या मानेवर विरून जाईल तीच घ्या. दुकानदार एक छटा उजळ दाखवू लागला, तर त्याला नम्रपणे नकार द्या. मग घरी येऊन परिचयपत्रिकेतला ‘वर्ण’ हा रकाना काढून टाका. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा हे शब्द तेथे नसले, तरी मुलीचे शिक्षण, स्वभाव आणि संस्कार सांगायला जागा अधिकच मिळेल. आपल्या समाजातील वधू-वर सूचीतूनही हा रकाना हळूहळू नाहीसा झाला, तर पुढच्या पिढीतील मुली फाउंडेशन केवळ आवडीने लावतील, भीतीने लावणार नाहीत.

जय जिनेंद्र.