गोळी तिची, निर्णय कुणाचा?



एचआयव्हीचा विषाणू पेशीत शिरला की आपली जनुकं माणसाच्या डीएनएमध्ये शिवून टाकतो. ही शिलाई करणारं एन्झाइम म्हणजे इंटिग्रेज. त्याच्या खोबणीत मॅग्नेशियमचे दोन आयन असतात, त्यांच्याशिवाय ते पांगळं. डोल्यूटेग्रॅविर या औषधाचा रेणूच असा घडवला आहे, की त्यातले तीन ऑक्सिजन अणू हे दोन्ही आयन धरून ठेवतात. शिलाई अडते. अमेरिकेत २०१३ साली त्याला मान्यता मिळाली. २०१७ मध्ये भारतीय कंपन्यांनी गरीब देशांसाठी ते असलेली एकत्रित गोळी वर्षाला सुमारे ७५ डॉलरला देऊ केली.

इतकी बारीक मापं घेऊन औषध घडवलं, पण मान्यतेआधीच्या चाचण्यांत गर्भवतींना घेतलंच नव्हतं. ते मोजमाप राहिलं पुढे, प्रत्यक्ष बायकांवर.

मे २०१८ मध्ये बोट्स्वानातून बातमी आली. दिवस राहिले तेव्हा हे औषध घेत असलेल्या बायकांच्या ४२६ बाळंतपणांत ४ बाळांच्या मेंदू-मणक्याच्या घडणीत दोष आढळला. काळजी रास्तच होती. पण उपाय काय निघाला? केनियात पुरुषांना नवी गोळी आणि मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना जुनं इफाविरेन्झ! त्याने चक्कर येते, भयंकर स्वप्नं पडतात. (गंमत म्हणजे गर्भाला धोक्याचं म्हणून पूर्वी याच इफाविरेन्झवर बोट ठेवलं गेलं होतं.) जिला मूल नकोच आहे, जिची नसबंदी झाली आहे, तिला कुणी विचारलं? बाई म्हणजे चालतंबोलतं गर्भाशय, हा हिशेब आपल्याला नवा नाही.

जुलै २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या १८ देशांमधल्या ३९ एचआयव्हीबाधित बायका किगालीत जमल्या. सरसकट बंदी नको, पुरी माहिती द्या, गर्भनिरोधकं द्या, निवड आम्ही करू, असं त्यांनी ठणकावलं. वर्षभरात आकडे वाढले: १,६८३ बाळंतपणांत ५. म्हणजे हजारी ३, इतर औषधांवर हजारी १. जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बायकांसह सर्वांसाठी या औषधाची शिफारस केली. पुढे आणखी बाळंतपणांची नोंद झाली आणि उरलेला फरकही पुसला गेला.

आता आपल्या एआरटी केंद्रांवरही हीच गोळी मिळते. ती सुरू करताना बायकांना नेमकं काय सांगितलं गेलं, मूल हवं-नको हे विचारलं का, की नुसती डबी हातात ठेवली? आपापल्या भागात चौकशी करा आणि आम्हाला लिहून कळवा.