लॉक झालं की नाही, कळणार कसं?

फोर बाय फोर गाडी विकणारा माणूस एक वाक्य हमखास ऐकवतो. "सर, खाली उतरायची गरजच नाही, हब ऑटोमॅटिक आहेत." गिऱ्हाईक खूश होतं. मी वायुदलात एमटीवाला, म्हणजे तळावर विमानं सोडून चाकांवर जे जे पळतं त्याची निगा राखणारा. तंजावरला दुसरा पावसाळा काढतोय, आणि आता हे वाक्य कानावर पडलं की डोकं तापतं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अशा गाडीला साध्या रस्त्यावर मागची चाकं ओढतात. पुढची चाकं तेव्हा आपल्या शाफ्टपासून सुटी असतात, म्हणजे शाफ्ट आणि डिफरन्शियल उगाच फिरत नाहीत, झीज आणि डिझेल वाचतं. चारही चाकांची ताकद हवी झाली की चाक आणि शाफ्ट यांना जोडणारं कुलूप म्हणजे हब. मॅन्युअल हबला चाकाच्या मधोमध एक चकती असते. खाली उतरायचं, हाताने 'फ्री'वरून 'लॉक'वर फिरवायची, संपलं. ऑटोमॅटिकमध्ये शाफ्ट फिरू लागला की आतला कॅम कडीला ढकलतो आणि कुलूप आपोआप लागतं. सोडवायला टू व्हीलवर येऊन गाडी थोडी मागे घ्यायची. सगळा कारभार स्प्रिंग आणि घर्षणाच्या भरवशावर.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपला यातलं काहीच नव्हतं, चाक आणि शाफ्ट कायमचे जोडलेले. युद्ध संपलं, त्या जीपा साध्या लोकांच्या हाती आल्या, डांबरी रस्त्यावर धावू लागल्या. तेव्हा अमेरिकेत आर्थर वॉर्न या माणसाने 1948 पासून हे हाताने फिरवायचे हब बनवायला घेतले. गरज होती म्हणून वस्तू आली. ऑटोमॅटिक मात्र आलं ते बुटाला चिखल लागू नये म्हणून.

आणि चिखल पाहायचा तर इथे या. मराठी माणसाला तंजावर म्हटलं की सरफोजी राजे आणि सरस्वती महाल आठवतो. मला इथली माती आठवेल. कावेरीने आणून टाकलेला चिकण गाळ, ओला झाला की टायरच्या खाचा पाच मिनिटांत भरून टायर गुळगुळीत. आपल्याकडे पाऊस परततो तेव्हा इथे ईशान्य मोसमी सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची ठरलेली तारीख 12 जून. त्या पाण्यावर लावलेलं कुरुवई भात कापणीला येतं ते नेमकं या पावसाच्या तोंडावर. सरकारी खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा 17 टक्के. एक रात्र पोती भिजली की वर्षाचा हिशेब बिघडला.

गेल्या वर्षी पापनासमकडच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचं हेच झालं. साहेब तमिळ, मी साताऱ्याचा, बोलणं फौजी हिंदीत. त्यांची पिकअप भाताची पोती घेऊन बांधावर फसली. लिव्हर फोर लो मध्ये, डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा लागलेला, मागची चाकं खड्डा खणतायत आणि पुढची दोन्ही ढिम्म. दिवा खोटं बोलत नव्हता. ट्रान्सफर केसमधला गिअर पडलाय एवढंच त्याला ठाऊक. हबचं त्याला कोणी सांगितलेलंच नाही. उजवा हब लागला होता, डावा नाही. साधं डिफरन्शियल असलं की सगळी फिरकी सुट्या बाजूला पळते. म्हणजे एक हब रुसला तर पुढची दोन्ही चाकं गेली, आणि फोर लोचा सगळा जोर एकट्या मागच्या एक्सलवर. ताडपत्री टाकूनही पोती भिजली. तीन दिवस भात रस्त्यावर पसरून वाळवलं. हब उघडला तर आत ग्रीसचा आणि गाळाचा लगदा. शोरूमवाले म्हणाले, गाडी नीट चालवली नसेल. ज्याने चाळीस वर्षं स्टिअरिंग धरलं त्याला हे सांगायचं!

माझ्या तळावर जानेवारी 2020 पासून सुखोईचं स्क्वॉड्रन आहे. सुखोईत जितकी स्वयंचलित यंत्रं आहेत तितकी तुमच्या आमच्या गाडीत सात जन्मांत येणार नाहीत. पण उतरताना चाकं बाहेर येऊन लॉक झाली की ते वैमानिकाला दिसतं, तीन चाकांचे तीन हिरवे दिवे. एक जरी लागला नाही तरी तो 'झालं असेल' म्हणून उतरत नाही. पिकअपमध्ये मात्र शेतकऱ्याने 'झालं असेल' म्हणून चिखलात घुसायचं, याला आधुनिकता म्हणतात!

"मग भर चिखलात खाली उतरायचं का?" असं आमचे तरुण सहकारी विचारतात. अरे, चिखलात शिरायच्या आधी उतरायचं. हब लॉक ठेवून टू व्हीलवर गाडी डांबरी रस्त्यावर खुशाल पळते. शाफ्ट फिरतो, थोडं डिझेल जास्त जातं, बाकी काही नाही. कोरड्या डांबरावर चालत नाही ते चारही चाकांना ताकद देणं, आणि ते लिव्हरने ठरतं.

बदलणार असाल तर दोन गोष्टी जपा. काही गाड्यांत ऑटोमॅटिक हबचा कॅम चाकाच्या बेअरिंगच्या नटापाशीच बसतो. तिथे नट आणि वॉशरही बदलावे लागतात, आणि बेअरिंगचा ताण पुन्हा नीट बसवावा लागतो. घाईत कसंही आवळलं तर बेअरिंग जळेल आणि बोल मॅन्युअल हबला लागेल. दुसरं, हबच्या आत ग्रीसचा हलका हात पुरे. बेअरिंगसारखं ठासून भरलं तर चकती फिरायला जड होते. रबरी रिंग फाटली तर पाणी यातही शिरतं, ती दरवर्षी पाहायची.

साहेबांच्या गाडीचे नवे हब ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच 'लॉक'वर फिरवले. पोंगलपर्यंत तसेच राहतील.