कर्जतची भेट
दिवाळीला काय हवं, असं भाच्याला विचारलं तर म्हणाला, ‘मामा, कर्जत स्टेशनवर ने.’ कपडे नकोत, मोबाइल नको. सदतीस फुटांना एक फूट चढणाऱ्या बोरघाटासाठी गाडीच्या मागे लागणारी बँकर इंजिनं त्याला बघायची आहेत. रेल्वेवेड्यांचं हे असंच. १ जून १९३० पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमधलं ऑम्लेट त्यांना पंचतारांकित जेवणाहून प्यारं. (मलाही, पण ते असो.) अशा माणसाला चावीची प्लॅस्टिकची आगगाडी देणं हा शुद्ध अपमान आहे! त्याला नेरळहून दोन फुटी रुळांवरनं माथेरानला न्या, खिडकी द्या आणि वाटेतली त्याची बडबड मुकाट ऐका. तुमच्या घरी असा कुणी असेल तर तिकिटांचं आत्ताच बघा. ऐन दिवाळीत आरक्षण मिळत नाही.