मॉडेल बंद झालं म्हणजे नक्की काय बंद झालं?



दिवाळीला निर्मलला गेलो होतो. फराळाचं ताट पुढे यायच्या आधीच आत्यानं कपाटातून रुमालात गुंडाळलेला मोबाइल काढला आणि माझ्या हातात ठेवला. "बघ रे, हा आता बंद होणार म्हणतात."

फोन सहा वर्षांचा. काचेला कोपऱ्यापासून तडा गेलेला, चित्र नीट दिसायचं, पण बोट कुठंही लावलं तरी दाद देत नव्हता. ती तो दुरुस्तीला घेऊन गेली होती. दुकानातला पोरगा म्हणाला, "अम्मा, ये मॉडल बंद हो गया, डिस्प्ले नहीं मिलता." त्याला एवढंच म्हणायचं होतं की सुटा भाग मिळत नाही. आत्यानं ऐकलं ते असं की कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय, म्हणजे एक दिवस हा फोन आपोआप विझणार. म्हणून तिनं तो स्विच ऑफ करून तीन आठवडे कपाटात ठेवला होता. वापरला नाही तर जास्त दिवस टिकेल, हा तिचा हिशेब.

त्यात होतं काय, तर आमच्या मामांचे, म्हणजे आत्याच्या यजमानांचे, व्हॉइस मेसेज. मामा जाऊन दोन वर्षं झाली. शेवटचे काही महिने ते उपचारांसाठी हैदराबादला लेकीकडे होते आणि रोज सकाळी तिथून बोलायचे. मोटार लावलीस का, वरच्या टाकीत पाणी चढलं का, बीपीची गोळी घेतलीस का. एवढंच. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटणार नाही.

आत्याला हसण्यात अर्थ नाही. तिच्या काचेच्या कपाटात वरच्या कप्प्यात आपल्या निर्मलची लाकडी फळं आहेत. पोनिकीचं हलकं लाकूड, चिंचोक्याची खळ, वर रंग. या खेळण्यांना २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिच्या सासूच्या काळात जसा आंबा आणि जसं सीताफळ मिळायचं तसंच आजही मिळतं. 'मॉडेल बंद' हा प्रकार त्या कपाटात कधी आलाच नाही.

आणि प्रश्न एकट्या आत्याचा नाही. दर सप्टेंबरात नवे आयफोन आले की आपल्या मंडळींकडूनही हाच प्रश्न येतो : नवा आला, मग जुना बंद होतो का? घ्यावा की नाही?

आधी ॲपलचं बघू, कारण तिथं सगळं उघड्यावर असतं. सप्टेंबर २०२४ मध्ये आयफोन १६ आला. त्याच दिवशी ॲपलनं आयफोन १५ प्रो आणि १५ प्रो मॅक्स विकायचे थांबवले. जेमतेम एक वर्षाचे फोन! साधा आयफोन १५ मात्र चालू राहिला, आणि भारतात त्याची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० वर आली. आयफोन १४ ही राहिला. तो गेला फेब्रुवारी २०२५ मध्ये, १६ ई आल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा तसंच : १७ आला, १६ प्रो गेला, साधा १६ दहा हजारांनी उतरून राहिला. महागडा वर्षात जातो आणि साधा दोन-तीन वर्षं टिकतो, हे वाचायला उलटं वाटतं, पण व्यापाराच्या दृष्टीनं सरळ आहे. कालचा प्रो स्वस्त करून दुकानात ठेवला तर आजचा साधा कोण घेईल? साधा जुना मात्र खालच्या किमतीची पायरी म्हणून उपयोगी पडतो.

ॲपलनं थांबवला तरी इतर दुकानांतला माल संपेपर्यंत तो मिळत राहतो. त्यात वाईट काही नाही.

अँड्रॉइडवाल्यांत एवढा गाजावाजा होत नाही. दहा-पंधरा हजारांच्या फोनांच्या मालिका सहा महिन्यांत, वर्षात बदलतात. जुन्याचं उत्पादन कधी थांबलं हे गिऱ्हाइकाला कळतही नाही, दुकानदार म्हणतो "वो नहीं आ रहा अब" आणि विषय संपला. म्हणून दुकानात एक गोष्ट जरूर करा. डबा उलटा करून त्यावरचा महिना आणि वर्ष वाचा. आपल्याकडे पाकीटबंद मालावर ते छापावंच लागतं. 'नवाकोरा' म्हणून हातात आलेला फोन दीड वर्षापूर्वी बनलेला निघाला तर भाव करायला तुम्हाला तोंड आहे.

आता त्या 'बंद' शब्दाकडे येऊ. कारखान्यात बनायचा बंद होणं, दुकानात मिळायचा बंद होणं, सुटे भाग बंद होणं, अपडेट बंद होणं आणि तुमच्या हातातला बंद होणं या सगळ्या वेगवेगळ्या तारखा आहेत आणि आपण सगळ्यांना एकच शब्द वापरतो. एलजीचं उदाहरण घ्या. ५ एप्रिल २०२१ ला त्यांनी मोबाइलचा अख्खा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. मॉडेल नव्हे, दुकानच बंद! पण त्या दिवशी कुणाच्या हातातला फोन विझला नाही.

खरा प्रश्न असतो तो घड्याळ कधीपासून चालू झालं याचा. ॲपल सुट्या भागांची आणि दुरुस्तीची पाच वर्षं मोजतं ती मॉडेलची विक्री थांबल्यापासून. पाचनंतर ते 'विंटेज' म्हणतात, म्हणजे भाग असले तर दुरुस्ती, आणि सातनंतर सहसा हात वर. म्हणजे जे मॉडेल जास्त दिवस विकलं गेलं त्याचं दुरुस्तीचं आयुष्यही लांबतं. अँड्रॉइडच्या अपडेटचं घड्याळ मात्र मॉडेल बाजारात आलं त्या दिवशी सुरू होतं. सॅमसंगनं जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ आणला आणि सात वर्षं अपडेट देऊ म्हणाले. तो आज निम्म्या किमतीत मिळाला म्हणून तुमची सात वर्षं आजपासून सुरू होत नाहीत. ती २०३१ च्या सुरुवातीला संपणारच. गूगलच्या पिक्सेल ८ ची सात वर्षं ऑक्टोबर २०२३ पासून. स्वस्त फोनांना अशी वचनं पूर्वी मिळत नसत, पण २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ५जी ला सहा वर्षांचं मिळालं, तेव्हा कमी किमतीतही विचारायला हरकत नाही. तरीही घरोघरी अजून कॅमेऱ्याचे मेगापिक्सेलच विचारले जातात. माझंही परवापर्यंत तेच होतं.

अपडेट थांबल्यावरही फोन चालतोच, पण एकेक ॲप साथ सोडू लागतं. ५ मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला आयओएस १५.१ किंवा त्यापुढचं लागतं. त्यामुळे आयफोन ५ एस, ६ आणि ६ प्लस धडधाकट असूनही व्हॉट्सॲपपुरते संपले. बँकेच्या ॲपचंही तसंच. म्हातारी माणसं पेन्शनचा निरोप आणि नातवंडं दोन्ही या दोन ॲपांतच बघतात, तेव्हा त्यांच्यासाठी 'बंद' झाल्याची खरी तारीख हीच.

युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यायचे आणि पाच वर्षं अपडेट. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं. दुरुस्ती केंद्रांची माहिती तिथं मिळते. वॉरंटीतला फोन असून भाग नाही म्हणून कुणी परत पाठवलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर लावून बघा.

आत्याच्या फोनची वॉरंटी कधीच संपली होती. भैंशावरून नांदेडला जावं का, की हैदराबादला जगदीश मार्केटमध्ये विचारावं, अशी चर्चा लाडूंबरोबर झाली. जगदीश मार्केटमध्ये जुन्या फोनांचे भाग मिळायची शक्यता बरीच असते. पण आत्तेभावाच्या मुलानं, नववीत आहे, डोकं लढवलं. काच फुटली तरी चित्र दिसतंय ना? मग बोटाचं काम माउसला करू दे. त्यानं ओटीजी नावाची एक छोटी केबल आणली, तिच्यात कॉम्प्युटरचा साधा माउस जोडला आणि फोनच्या पडद्यावर बाण उमटला. लॉक उघडलं. आत्या एवढी जवळ सरकली की तिचा चष्मा काचेला लागला.

पुढचं काम सोपं होतं, पण घाईचं नव्हे. आधी मामांच्या संवादात जाऊन 'एक्स्पोर्ट चॅट' केलं, मीडियासकट, आणि माझ्या ईमेलवर पाठवलं. सगळं एका वेळी गेलं नाही, म्हणून राहिलेल्या आवाजाच्या फाइली केबलनं लॅपटॉपवर आणि तिथून पेनड्राइव्हवर. मग दुसऱ्या दिवशी नवा फोन घेतला (डबा उलटा करून वाचून!), आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधलं 'ट्रान्सफर चॅट' वापरून, क्यूआर कोड दाखवून, सगळे संवाद नव्या फोनवर आणले. दोन्ही फोन शेजारी ठेवून वायफाय चालू लागतं. आमचं काम अर्ध्या तासात झालं. ज्यांच्या जुन्या फोनचा पडदाच काळा झाला असेल त्यांना हे जमणार नाही, म्हणून सगळं ठीक चालू असतानाच, आजच, बॅकअप घेऊन ठेवा.

जुना फोन टाकू का म्हणून आत्यानं विचारलं. टाकू नको म्हटलं. मात्र बॅटरी पूर्ण रिकामी करून कपाटात ठेवणं सगळ्यात वाईट. ती तशीच महिनोन्‌महिने राहिली तर पुन्हा चार्जच होत नाही. अर्धी भरून, बंद करून, थंड जागी ठेवायची आणि मधूनमधून पुन्हा अर्धी भरायची. बॅटरी फुगलेली दिसली, मागचं झाकण वर आलं, तर मात्र चार्जरला लावायचा नाही.

आत्यानं लगेच भिंतीवरचं कालनिर्णय काढून पुढच्या प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला पेन्सिलीनं 'फोन' लिहून टाकलं. गॅसच्या नोंदीशेजारी.