थकलेला चेहरा, तरुण देह

कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलबाहेर राणी वृद्ध आहे. जॉर्ज फ्रॅम्प्टनने ब्राँझमध्ये तिचं वय लपवलेलं नाही. १९२१ साली खुल्या झालेल्या या वास्तूत आत शिरलं, की थॉमस ब्रॉकची संगमरवरी व्हिक्टोरिया मात्र ऐन तारुण्यातली.

इजिप्तच्या शिल्पकारांनी ही दोन्ही वयं एकाच दगडात आणली. सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या तिसऱ्या सेनुस्रेत राजाचे देर-अल-बहरी इथले उभे पुतळे पाहा: जड पापण्या, ओढलेले गाल, घट्ट मिटलेले ओठ, आणि खाली वयाचा स्पर्शही नसलेला देह. राज्याची काळजी वाहणारा, तरीही न खचणारा राजा! राजप्रतिमेत याहून धाडसी काम झालं नाही, असं आम्हाला वाटतं.

आपल्या नाणेघाटात सातवाहन राजकुळाच्या प्रतिमांवरची नावं उरली, चेहरे गेले. कोलकात्यात मात्र चेहरे शाबूत आहेत; तिथे जाल, तेव्हा दोन्ही व्हिक्टोरिया नक्की पाहा.