देवीच्या हातचा भात

मायबापहो, शिकायला सावेडीला ठेवलेली पोरं सुट्टीत घरी आली, की मोबाइलवर जपानी चित्रमालिका बघत बसतात. जादू, राक्षस, तलवारी! रागावू नका, 'सकुना' लाव म्हणा. २०२४ सालची ही मालिका क्रंचीरोलवर आली. सकुना ही लाडावलेली देवी. शिक्षा म्हणून तिला राक्षसांच्या बेटावर धाडतात आणि तिथं भात पिकवावा लागतो. चिखलात उतरून, हातानं! पीक साधलं तरच देवीला बळ. मूळ खेळ २०२० चा. तो खेळताना कित्येकांनी भातशेती समजायला जपानच्या कृषिखात्याचं संकेतस्थळ धुंडाळलं. अकोले तालुक्यातल्या भातकऱ्यांनी तर जरूर पाहावी. खालच्या इंग्रजी ओळींचा अर्थ नातवानं सांगावा, आवणीत देवीचं काय चुकतं ते आजीनं.