पांडुरंगाला पत्ता सांगावा लागत नाही



वारीत कुणी कुणाची जात, हुद्दा, मिळकत विचारत नाही. समोर येईल त्याला ‘माउली’ म्हणायचे आणि त्याच्या पायाला हात लावायचा. चंद्रभागेच्या वाळवंटात हीच एक ओळख पुरते. पण त्याच वारकऱ्याच्या हातातला मोबाइल हरिपाठ उघडण्याआधी त्याचे नाव, नंबर आणि जन्मतारीख मागतो. पूजेची नोंदणी करायची तर गोत्रही मागतो. संपर्कयादी बघू का, तुम्ही कुठे आहात ते बघू का, असे विचारतो. आपण ‘होय’ दाबतो आणि टाळ हातात घेतो. देवाच्या नावावर चाललेली ही झडती आपण बिनतक्रार सोसतो आहोत, आणि ती आता थांबवली पाहिजे.

हे भय कल्पनेतले नाही. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाची वेळ आणि किब्ल्याची दिशा सांगणारे ॲप जगभरात नऊ कोटींहून अधिक वेळा उतरवून घेतले गेले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या पत्रकारांनी उघड केले की, ते वापरणारे कुठे जातात-येतात याची माहिती ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कामे घेणारे ठेकेदार होते. गवगवा झाल्यावर ॲपवाल्यांनी तो व्यवहार तोडला. पण नमाजाची दिशा शोधणाऱ्या माणसाला हे आधी कुणी सांगितले होते? पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्याच कंपनीवर संवेदनशील ठिकाणांची अशी माहिती विकण्यास बंदी घातली. त्या ठिकाणांत प्रार्थनास्थळेही येतात.

यातली युक्ती साधी आहे. ॲप बनवणारा दुसऱ्या कंपनीने लिहून दिलेला एक तुकडा आपल्या ॲपच्या पोटात ठेवतो आणि त्याबद्दल पैसे घेतो. वर भजन चालू असते, आत तो तुकडा आपले काम करत असतो. आज नमाजाच्या ॲपात झाले ते उद्या आरतीच्या ॲपात होणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही. बाजाराला धर्म नसतो.

यावर काही मंडळी म्हणतील, “आपल्याला लपवायचे काय आहे? आपण गळ्यात तुळशीची माळ घालतो, गोपीचंदन लावतो, भर रस्त्यात पताका घेऊन नाचतो.” हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तर द्यायला हवे. माळ आपण आपल्या हाताने घालतो, आणि ती कोण बघतो हे आपल्यालाही दिसते. ॲपमध्ये बघणारा दिसत नाही. रस्त्यावरचा माणूस आपल्याला बघतो आणि पुढे जातो. यंत्र काहीच विसरत नाही. आपण कोणत्या दिवशी कुठे होतो, कोणासाठी पूजा सांगितली, किती पैसे दिले, हे ते वर्षानुवर्षे एकमेकांना जोडत बसते. नाव, गाव आणि गोत्र एकत्र आले की जातही कळते. जी गोष्ट वाळवंटात विचारायची नाही असे संतांनी शिकवले, ती वहीत आपोआप नोंदली जाते.

शिवाय भक्ती सगळीच रस्त्यावर नसते. मुलगा व्यसनात बुडाला, सुनेला मूल होत नाही, सावकाराने तगादा लावला, हे गाऱ्हाणे माणूस फक्त विठोबाला सांगतो. तेच गाऱ्हाणे ‘संकल्प’ म्हणून ॲपच्या चौकटीत टंकले की ते कोण वाचेल याचा भरवसा उरत नाही. आजाऱ्याला खोट्या औषधाची जाहिरात जाईल, कर्जबाजाऱ्याला आणखी कर्जाची. “खास दर्शनाचा पास देतो, आधी पैसे पाठवा” असा फोन म्हाताऱ्या आजीला येईल, आणि फोनवाल्याला तिचे नाव, गाव सगळे ठाऊक असल्यामुळे तिला तो खरा वाटेल. आळंदीहून पालखीबरोबर निघालेल्याचे घर अठरा-वीस दिवस बंद असते, हेही ठिकाणावरून कळते.

मोबाइल नकोच, असे आमचे म्हणणे नाही. पाण्याचा टँकर कुठे आहे, दवाखाना कुठे आहे, चुकलेला माणूस कुठे सापडेल, हे वाटेवर कळले तर ती सेवाच आहे. पण चुकलेला माणूस सापडेपर्यंतच त्याचे ठिकाण लागते. हरिपाठ वाचायला तर संपर्कयादीही लागत नाही आणि ठिकाणही लागत नाही. गरजेपेक्षा अधिक मागितले की तिथे सेवा संपते आणि धंदा सुरू होतो. हरिकथेचा व्यापार करू नये हा आपल्या संप्रदायाचा जुना दंडक आहे. मग ऐकणाऱ्याचाच व्यापार कसा चालेल?

तुकोबांच्या चरित्रात एक प्रसंग सांगतात. वाट्याला आलेली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत सोडली. आपण या कथेत वैराग्य पाहतो, ते खरेच आहे. पण त्या कागदांवर कोणाची नावे होती तेही पाहावे. गावातल्या गोरगरिबांची अडचण त्यांत लिहिलेली होती. दुसऱ्याच्या अडचणीचा कागद जवळ बाळगणे म्हणजे त्याच्यावर सत्ता ठेवणे. तुकोबांनी ती सत्ता पाण्यात सोडली. आज आपल्या अडचणींची खते कुठल्या यंत्रात साठताहेत, आणि ती बुडवणारा कोण आहे?

कायदा थोडा आधार देतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा म्हणतो की संमती मोकळी आणि समजून दिलेली हवी, सूचना मराठीतही मिळायला हवी आणि दिलेली संमती मागे घेता यायला हवी. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानेच लागू व्हायच्या आहेत. २०१९ च्या विधेयकात धार्मिक श्रद्धेची माहिती संवेदनशील म्हणून वेगळी काढली होती, तो वर्ग या कायद्यात उरला नाही. तेव्हा कायद्याच्या भरवशावर बसून भागणार नाही.

म्हणून मागणे असे. संस्थाने आणि देवस्थाने यांनी ॲप काढताना लागेल तेवढेच विचारावे, वारी संपली की ते पुसावे, आणि माहिती कोणाकडे जाते ते मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहावे. दिंडीप्रमुखांनी वारकऱ्यांची यादी आणि आधारकार्डांचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नयेत. कीर्तनकारांनी एखाद्या ॲपची शिफारस व्यासपीठावरून करण्याआधी ते काय काय मागते हे स्वतः पाहावे. आणि आपण प्रत्येकाने घरातल्या जाणत्या मुलाला बसवून मोबाइलमधल्या परवानग्या एकदा तपासाव्यात. ज्या ॲपला ठिकाण लागत नाही त्याचे ठिकाण बंद करावे. पूजेचे गोत्र नाही दिले तर विठोबा रुसत नाही. हरिपाठाची छापील पोथी पिशवीत असतेच, आणि ती काही विचारत नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!